टॉन्सिलचा कॅन्सर, फॉर्मवर मात्र 'टॉन्सिल वाढणे' : रुग्णालयांना आणि विमा कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील खासगी रुग्णालयांचे वैद्यकीय संचालक
आणि आरोग्यविमा कंपन्यांचे व टीपीएंचे (कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थांचे) दावा विभागप्रमुख

स. न. वि. वि.

माझ्या मामांच्या नाकारलेल्या क्लेमचा फेरविचार करावा म्हणून आम्ही अर्ज केला होता. त्याचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. रुग्णालयाने कळवलेल्या निदान-कोडप्रमाणे शस्त्रक्रिया प्रतीक्षा कालावधीत (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक उपचारांचा खर्च मिळत नाही त्या काळात) मोडते, सबब आधीचा निर्णय कायम. कोड होता जे३५.१, म्हणजे टॉन्सिल वाढणे. त्याच फाइलीत, काही पानं पुढे, त्याच टॉन्सिलचा पॅथॉलॉजी रिपोर्ट जोडलेला आहे आणि त्यावर 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असं ठळक छापलेलं आहे. हा कॅन्सर आहे आणि त्याचा कोड सी०९ ने सुरू होतो. फाइल पाठवणाऱ्यांनी ते पान वाचलं नाही, नाकारणाऱ्यांनी वाचलं नाही, आणि फेरविचार करणाऱ्यांनी नेमकं काय वाचलं हे कळायला मार्ग नाही.

रुग्णालयाचं किंवा कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे हुश्श करून मोकळे होतात. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

मी मेडिकल कोडर आहे. पुण्यात बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या फाइली वाचायच्या आणि त्यांना निदानाचे कोड द्यायचे, हे माझं रोजचं काम. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीची त्यांची आवृत्ती लागू आहे. दर ऑक्टोबरला यादी बदलते आणि आम्हाला ती नव्याने घोटावी लागते. ऑडिटमध्ये अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली घसरली की टीम लीडर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतो. टॉन्सिल काढल्याची फाइल आली आणि नमुना तपासणीला गेलेला असला, तर रिपोर्ट येईपर्यंत फाइल होल्डवर. रिपोर्टात एक आणि डॉक्टरांच्या नोंदीत दुसरंच असलं, तर मी माझ्या मनाने काही ठरवायचं नसतं, डॉक्टरांना लेखी विचारायचं असतं. ओपीडीच्या कागदावर 'कॅन्सरची शंका' एवढंच असेल तर कॅन्सरचा कोड द्यायचा नाही, लक्षणाचा द्यायचा. हे सगळं तिकडे रुग्णाच्या मायेपोटी चालतं असं मी म्हणणार नाही. कोडवर पैसे मिळतात म्हणून चालतं. पण पैसे आता इकडेही कोडवरच सुटतात आणि कोडवरच अडकतात. मग काळजी तेवढी एकाच ठिकाणी का?

मामा कोल्हापूर जिल्ह्यातले, शेती करणारे. मुलाने हौसेने पॉलिसी काढून दिली होती, तिला दोन वर्षं पूर्ण व्हायची होती. घसा एकाच बाजूने दुखायचा, घास गिळताना कानात सणक जायची. गावात अँटिबायोटिकचे कोर्स झाले. मग जबड्याखाली गाठ हाताला लागली, न दुखणारी. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तोंडात पाहिलं तर उजवा टॉन्सिल डाव्यापेक्षा बराच मोठा. मोठ्या माणसाचा एकाच बाजूचा टॉन्सिल असा वाढला की तो तपासायलाच हवा, आणि त्यांनी तेच सांगितलं. डॉक्टरांबद्दल माझी काहीएक तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती तळमजल्यावरच्या इन्शुरन्स डेस्कपासून. तिथल्या मॉनिटरच्या कडेला एक लॅमिनेट केलेला कागद सेलोटेपने चिकटवलेला होता. मोतीबिंदू एच२५, अपेंडिक्स के३५, हर्निया के४०, टॉन्सिल जे३५. नेहमी लागणारे पंधरा-वीस कोड. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, मागे रांग असूनही नीट बोलत होता. मी म्हटलं, कॅन्सरचा संशय आहे. तो म्हणाला, "मॅडम, आत्ता प्री-ऑथला हाच जातो, रिपोर्ट आला की फायनलला बदलतात." प्री-ऑथ म्हणजे उपचाराआधी कंपनीकडे मागायची मंजुरी. त्या क्षणी त्याचं चुकलं नव्हतं. रिपोर्ट यायचा होता, टॉन्सिल वाढलेला दिसत होता, जे३५.१ बरोबरच होता. कॅशलेस लगेच नाकारलं गेलं, कारण टॉन्सिल काढण्याला २४ महिन्यांची प्रतीक्षा. आम्ही पैसे भरून ऑपरेशन करून घेतलं. नंतर परतफेडीसाठी क्लेम टाकला तेव्हा रिपोर्ट येऊन पडलेला होता. पण क्लेम फॉर्मचा भाग 'ब', जो रुग्णालयानेच भरायचा असतो आणि ज्यात निदानाच्या कोडचा रकाना असतो, तिथे प्री-ऑथमधला कोड जसाच्या तसा उतरवला गेला. फायनलला बदलायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं.

म्हणून रुग्णालयांना माझं पहिलं सांगणं हे, की कोड देणं हे बिलिंगचं काम नाही. तुमच्यापैकी बहुतेकांकडे एमआरडी आहे, म्हणजे वैद्यकीय नोंदींचा विभाग. अनेकांच्या भिंतीवर रुग्णालयाच्या दर्जाचं, एनएबीएचचं प्रमाणपत्र आहे. पण विम्याच्या फॉर्मवर जाणारा कोड त्या विभागाच्या नजरेखालून जातोच असं नाही. तो डेस्कवर जन्मतो आणि डेस्कवरूनच पोर्टलवर चढतो. डॉक्टर खाली सही करतात ती शिक्क्याच्या जागी. वर काय लिहिलंय हे पाहायला त्यांना वेळ नसतो आणि कोडची यादी त्यांना कधी कुणी शिकवलेलीही नसते.

यात 'टॉन्सिल म्हणजे जे३५' इतकं सोपंही काही नाही. तुमच्या डेस्कला हे कधी कुणी सांगितलं नसेल, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. घशाच्या दोन्ही बाजूंना दिसतात त्या टॉन्सिलचा कॅन्सर सी०९ खाली येतो. टॉन्सिल ज्या खोबणीत बसतो तिथला सी०९.०, पुढच्या-मागच्या कमानींवरचा सी०९.१, दोन्हींवर पसरलेला सी०९.८, आणि नेमकी जागा नोंदवलेलीच नसेल तर सी०९.९. पण जिभेच्या मुळाशीही टॉन्सिलची पेशी-रचना असते. तिथला कॅन्सर सी०२.४, म्हणजे जिभेच्या घरात. नाकामागच्या ॲडिनॉइडला वैद्यकीय भाषेत टॉन्सिलच म्हणतात, त्याचा कोड सी११.१. तिथल्या कॅन्सरची उपचारपद्धती वेगळी, सगळा भर रेडिएशनवर. आणि टॉन्सिलमध्ये लिम्फोमा, म्हणजे लसिका-पेशींचा कॅन्सर, निघाला तर सी०९ अजिबात चालत नाही. लिम्फोमाचे कोड सी८१ पासून पुढे, त्याच्या प्रकाराप्रमाणे. एकाच घशातले हे चार रुग्ण. त्यांची औषधं वेगळी, खर्च वेगळा, पुढचं भवितव्यही वेगळं. तुमच्या टेप लावलेल्या कागदावर चौघेही जे३५.

हे बारकावे सगळ्यांना पाठ असावेत असं माझं म्हणणं नाही. मलाही पुस्तक उघडावं लागतं. पण पुस्तक उघडणारं कुणीतरी नेमलेलं असावं, एवढं तरी.

आता विमा कंपन्यांकडे आणि टीपीएंकडे वळते. मामांचं रेडिएशन आणि आठवड्याला एक केमो सुरू झालं, तेव्हा त्याचा क्लेम दुसऱ्या केंद्रातून गेला. त्यावर क्वेरी आली : निदानात विसंगती आहे, आजार आधीपासून असल्याची व माहिती दडवल्याची शक्यता, खुलासा करावा. विसंगती कसली? मानेच्या गाठीत सुई घालून तपासलं त्या कागदावर सी७७.०, म्हणजे मानेच्या लसिकाग्रंथीत पसरलेला कॅन्सर. मूळ जागा कळण्याआधीच्या नोंदीवर सी८०. टॉन्सिलचा रिपोर्ट पाहिल्यावर सी०९.९. रेडिएशनच्या बिलांवर झेड५१.०, कारण तो रेडिएशनसाठी येण्याचाच कोड आहे. आणि पहिल्या ऑपरेशनच्या क्लेमवर अर्थातच जे३५.१. शेवटचा सोडला तर एकही कोड चुकीचा नाही. निदान जसजसं उलगडत गेलं तसतसे कोड बदलले, आणि ते बदलायलाच हवे होते. कॅन्सरचं निदान एका बैठकीत होत नाही हे तुमच्या पॅनेलवरच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

तीच गोष्ट स्टेजची. एका कागदावर स्टेज चार-ए, दुसऱ्यावर स्टेज एक. दावा अधिकाऱ्याच्या भुवया उंचावल्या. खरं कारण साधं आहे. २०१८ पासून जगभर वापरात आलेल्या स्टेजिंगच्या आठव्या आवृत्तीत, घशाच्या या भागातल्या कॅन्सरमध्ये पी१६ ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर स्टेज वेगळ्या तक्त्यावरून काढतात. एचपीव्ही विषाणूमुळे होणारा हा प्रकार उपचारांना चांगला दाद देतो, म्हणून. मानेत त्याच बाजूला सहा सेंटिमीटरपेक्षा लहान अशा दोन-तीन गाठी असलेला माणूस जुन्या तक्त्यात चार-ए असतो आणि नव्यात एक. पी१६ चा रिपोर्ट येण्याआधीच्या कागदावर एक आकडा, नंतरच्या कागदावर दुसरा. सी०९ च्या कोडमध्ये मात्र या फरकाला जागाच नाही. विषाणूसाठी बी९७.७ हा जोडकोड लावता येतो, पण इथल्या एकाही डिस्चार्ज कार्डावर तो मी पाहिलेला नाही. (मामांना मात्र क्वेरीत 'तंबाखूचं व्यसन किती वर्षं' असं विचारलं होतं. आहे का, असं नव्हे. त्यांनी जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही.)

मला सगळ्यात खुपतं ते असं, की या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर रुग्णाने आणून द्यायचं. घशाला रेडिएशन चालू असताना माणसाला थुंकीसुद्धा गिळवत नाही, तोंड सोलून निघतं, पेज नळीने द्यावी लागते. त्या माणसाच्या घरच्यांनी एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर 'कोड बदलून मिळेल का' विचारत हिंडायचं. डेस्क सांगतो, एकदा पोर्टलवर गेलं की आम्हाला एडिट येत नाही. टीपीए सांगतो, रुग्णालयाने बदलून पाठवलं तरच बघू. विमा नियामकाने २९ मे २०२४ ला काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की क्लेमसाठी लागणारी कागदपत्रं कंपनीने आणि टीपीएने रुग्णालयाकडून घ्यायची आहेत, पॉलिसीधारकाकडून नव्हे. क्लेम नाकारायचा तर समितीची मंजुरी घ्यायची, आणि पॉलिसीतल्या नेमक्या कलमाचा हवाला देऊन नाकारायचा. आम्हाला कलमाचा हवाला मिळाला, तो टॉन्सिलेक्टॉमीचा, म्हणजे टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेचा. समितीसमोर पॅथॉलॉजी रिपोर्ट ठेवला होता का, हे विचारल्यावर मात्र उत्तर नाही.

त्या कलमाबद्दलही दोन शब्द. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्या विकतात त्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत २४ महिन्यांच्या यादीत आधी कान-नाक-घशाचे साधे, बिनकॅन्सरचे विकार लिहिलेत आणि लगेच खाली टॉन्सिलेक्टॉमी. इतर अनेक पॉलिसींत हीच यादी थोड्याफार फरकाने दिसते. लोकांनी पॉलिसी घेऊन लगेच लांबणीवर टाकलेली ऑपरेशनं उरकू नयेत, हा तिचा हेतू, आणि तो मला मान्य आहे. कॅन्सर शोधण्यासाठी काढलेला टॉन्सिल त्या हेतूत कुठे बसतो? कॅन्सर या यादीत नाहीच. मग कॅन्सरच्या निदानाचा पहिला टप्पा निव्वळ शस्त्रक्रियेच्या नावावरून यादीत ओढायचा, हा कुठला न्याय?

उपचार संपल्यानंतरचं थोडक्यात सांगते. रोग दिसत नाही, माणूस फक्त तपासणीला येतो, तेव्हा कोड झेड०८ आणि सोबत पूर्वी कॅन्सर होऊन गेल्याचा झेड८५. तरी सर्रास सी०९.९ च छापला जातो. कागदोपत्री मामांना आजही कॅन्सर आहे.

आणि हा मामला फक्त पैशांचा नाही. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून चालू आहे, देशातली पहिली. ग्रामीण भागातली देशातली पहिली नोंदणी आपल्याच बार्शीत १९८७ पासून. त्या कामावरची माणसं रुग्णालयांत, प्रयोगशाळांत जाऊन फाइली आणि वह्या चाळतात. तुमच्या एमआरडीच्या सूचीत जो रुग्ण 'टॉन्सिल वाढणे' म्हणून लागलाय, त्याची फाइल कॅन्सर शोधणारा माणूस कशाला काढेल? प्रयोगशाळेच्या वहीत सापडला तर सापडला. पाश्चात्त्य देशांत टॉन्सिलच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हे मोठं कारण होऊन बसलं आहे, आपल्याकडे अजून तंबाखूचं पारडं जड आहे. ते बदलतंय का, हे उद्या कुणाला पाहायचं असेल तर त्याला आपल्याच नोंदी उघडाव्या लागतील. एचपीव्हीवरची लस पुण्यात बनते. तिचा घशाच्या कॅन्सरवर काय परिणाम झाला हे पुण्यातच मोजता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं. आयसीडी-११ ही १ जानेवारी २०२२ पासून जगात लागू झाली, तिच्यात टॉन्सिलच्या कॅन्सरचा कोड २बी६९ आहे. ती इथे आली तरी आजच्या पद्धतीत मॉनिटरच्या कडेचा कागद तेवढा बदलेल.

माझ्या मागण्या अशा :

१. प्री-ऑथचा कोड 'तात्पुरता' म्हणूनच नोंदवला जावा. तपासणीला नमुना गेलेला असेल तर रिपोर्ट हाती आल्याशिवाय रुग्णालयाने अंतिम कोड देऊ नये, आणि कंपनीने तात्पुरत्या कोडवर अंतिम नकार देऊ नये.

२. अंतिम कोड एमआरडीतल्या प्रशिक्षित माणसाने द्यावा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वाचून सही करावी. लहान रुग्णालयांना पूर्णवेळ माणूस परवडत नसेल, तर चार-पाच जणांनी मिळून एक नेमावा. या कामाचं शिक्षण घेतलेली मुलं-मुली पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात भरपूर आहेत. आज ती सगळी परदेशातल्या फाइली वाचतायत.

३. डिस्चार्ज कार्डावर कोड आणि त्याचा मराठी अर्थ छापावा. 'जे३५.१, टॉन्सिल वाढणे' असं मामांनी स्वतः वाचलं असतं, तर त्यांनीच विचारलं असतं की अहो, मला तर कॅन्सर सांगितलाय.

४. चुकलेला कोड दुरुस्त करून घेण्याचा लेखी मार्ग प्रत्येक रुग्णालयात असावा, रुग्णाच्या अर्जावर सात दिवसांत उत्तर मिळावं आणि दुरुस्ती रुग्णालयाने परस्पर टीपीएला कळवावी.

५. नकाराच्या पत्रात कोणत्या कोडच्या आधारे नकार दिला आणि कोणते वैद्यकीय रिपोर्ट पाहिले, हे लिहावं. कागदांवरचे कोड वेगवेगळे दिसले तर आधी रुग्णालयाच्या डॉक्टरांशी बोलावं. रुग्णाने काही दडवलं, हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

६. प्रतीक्षा कालावधीच्या यादीत स्वच्छ शब्दांत लिहावं की काढलेल्या टॉन्सिलमध्ये कॅन्सर निघाला तर हे कलम लागू नाही. प्रमाणित पॉलिसीचा मजकूर विमा नियामकाच्या हातात आहे, म्हणून या मागणीची प्रत हैदराबादला त्यांच्या कार्यालयात पाठवत आहे.

७. टॉन्सिलेक्टॉमीच्या कलमाखाली आजवर नाकारलेल्या क्लेमपैकी ज्यांच्या फाइलीत कॅन्सरचा रिपोर्ट जोडलेला आहे, ते कंपन्यांनी आपणहून पुन्हा उघडावेत. रुग्णाच्या अर्जाची वाट पाहू नये, कारण त्यातले काही अर्ज करायला आता नसतील.

मामांची तक्रार पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाते आहे. तिचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. वाचकांपैकी कुणाचा असा क्लेम अडकला असेल, तर कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं, वकील लागत नाही आणि फीही नाही. अर्जाला पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत जोडा आणि क्लेम फॉर्मच्या भाग 'ब' ची प्रत रुग्णालयाकडून मागून घ्या. ती तुमच्याच आजाराची नोंद आहे, द्यायला नकार देण्याचं त्यांना कारण नाही.

रुग्णालयांनी आणि कंपन्यांनी या पत्राला जाहीर उत्तर द्यावं. पहिल्या आणि चौथ्या मागणीसाठी ना नवा कायदा लागतो ना नवं यंत्र, तेव्हा निदान त्या दोन कधीपासून अमलात आणताय त्याची तारीख कळवावी.

आपली,
एक मेडिकल कोडर, पुणे

प्रत माहितीसाठी : भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद